जूनचं माप

१२ जून, बुधवार
झालं एकदाचं माप! समाजकल्याणचं शिबिर होतं सेनगावला. अंगणवाडीला सुट्टी टाकून दर्शनीला घेऊन गेले. चार तास रांगेत. मळणीयंत्रात गेलेला पाय गुडघ्याखाली जेवढा उरलाय त्याचं माप घेतलं, चांगल्या पायाचंही घेतलं, उंचीही लिहून घेतली. दोन महिन्यांत नवा पाय येईल म्हणाले. लेक वाटभर बोलत होती. पाय आला की कुबडी शाळेच्या फाटकातच टाकून देईन म्हणे. अकरा वर्षांचं लेकरू!

२० ऑगस्ट
न्हाई आला.

३ ऑक्टोबर
दर्शनीला घेऊन जिल्ह्याच्या हापिसात गेले. तिला पाहून तरी दया येईल म्हटलं. कसली दया! साहेब मिटिंगला, बाबू मोबाइलात. टेंडर अडकलंय म्हणे. वर आणखी लेकरासमोरच म्हणतो, "वाढतं वय आहे बाई. उंची वाढली तर हा पाय बसणार नाही. मग नवा अर्ज, नवं शिबिर."

मी म्हणलं, लेकराला वाढू नको सांगू का? तो हसला. मेला!

घरी आल्यावर हे म्हणाले, नाद सोड आता. ह्यांचं काय जातंय सोडायला?

१५ नोव्हेंबर
अंगणवाडीतली उंची मोजायची पट्टी घरी आणली. दर्शनीला भिंतीला टेकवून उभं केलं. जूनमध्ये होती तेवढीच! जीव भांड्यात पडला.

६ जानेवारी
आज अंगणवाडीत ग्यानबाच्या नातवाचं वजन घटलेलं निघालं. त्याच्या आईला चांगलं फैलावर घेतलं — लेकराच्या ताटाकडं लक्ष न्हाई का तुझं? रडली बिचारी. जास्तच बोलले मी.

संध्याकाळी दर्शनीनं अर्धी भाकर तशीच ठेवली. शाळेत खिचडी जास्त झाली म्हणे. हे आता रोजचंच.

१८ फेब्रुवारी
पुन्हा गेले. बाबूची बदली झालीय. नवी बाई फाइलच हुडकून राहिली. सापडली तर फोन करते म्हणाली. सापडली तर! बसमध्ये रडू आलं. लोक बघत होते. बघू दे.

मला तर वाटतंय, पाय येतच न्हाई आता. लेकीला सांगायचं कसं?

१९ फेब्रुवारी
पट्टी लावली. तेवढीच. देवाला हात जोडले.

२२ एप्रिल
फोन आला! उद्या या म्हणाले. खरं वाटंना.

२३ एप्रिल
पाय बराबर बसला. बसवणारे साहेब चकित झाले. दहा महिन्यांत सूतभर फरक नाही, नशीबवान आहात म्हणाले. मी त्यांचे आभार मानले. दर्शनी व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेली, चालत परत आली. माझ्या कानाशी वाकली.

"आई, आता पोटभर जेवू?"