शुक्रवारची चूक

३ सप्टेंबर

पोचले! नव्या प्रयोगशाळेत टेबलावर माझ्या नावाची पाटी. नाव चुकलंय, पण पाटी आहे! तीन महिन्यांची शिष्यवृत्ती, जाण्यायेण्याच्या तिकिटासकट. निघताना सर म्हणाले होते, "तुझे स्फटिक तिथल्या यंत्रावर तपासून आण. त्याशिवाय प्रबंध पुढे सरकणार नाही." स्फटिक हवेत टिकत नाहीत, भुगा होतो. म्हणून इथेच नव्याने वाढवायचे.

४ सप्टेंबर

काय ती काच! एक ओरखडा नाही. आमच्या नळ्या आठवून लाज वाटली. तिकडच्या प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी घासून घासून पार आंधळ्या करून ठेवल्यात.

७ सप्टेंबर, शुक्रवार

इथली एक तऱ्हाच! शुक्रवारी चहाला प्रत्येकाने आठवड्यातली एक चूक सांगायची. सुरुवात प्रमुख बाईंपासून. "मी सोमवारी चुकीच्या बाटलीवर बरोबर चिठ्ठी लावली." सगळे खो-खो हसले. माझी पाळी आल्यावर म्हटलं, "माझं सगळं ठीक आहे." नवी नवरी पहिल्याच आठवड्यात फुटलेली कपबशी दाखवते का?

१९ सप्टेंबर

आमच्या प्रयोगशाळेत अकराव्या दिवशी स्फटिक धरतात. आज बारावा. नळीत नुसतं पाणी.

२ ऑक्टोबर

दुसऱ्यांदाही नाही. दोन वर्षं जे पाहिलं ते खरंच होतं ना? आईला फोनवर सांगितलं, "मजेत आहे." ती म्हणाली, "आवाज तसा वाटत नाही."

५ ऑक्टोबर, शुक्रवार

सांगून टाकलं. सगळं. नाक लाल झालं, पण रडले नाही. कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "छान! आता कामाला सुरुवात झाली."

मग काच धुणारे आजोबा — एरवी तोंडातून शब्द काढत नाहीत — म्हणाले, "तुमच्याकडे नळ्या कोण धुतं? कशाने?"

मामा. तारेच्या घासणीने!

आजोबा उठले, कुठूनशी गंजकी घासणी आणली आणि माझी कोरी करकरीत नळी आतून कराकरा ओरबाडली. मी डोळेच मिटले. बाई म्हणाल्या, स्फटिकाला धरायला खडबडीत जागा लागते, गुळगुळीत काचेवर पाय ठरत नाही. आजच नवं द्रावण भरलं.

१६ ऑक्टोबर

आले!!! अकराव्या दिवशी! आजोबांना मिठीच मारली. ते भिंतीसारखे उभे.

२२ ऑक्टोबर

बाईंनी यंत्रावरची स्वतःची पाळी मला दिली. "माझं काम थांबेल, तुझे स्फटिक थांबणार नाहीत." संध्याकाळी रचनेचं चित्र पडद्यावर. स्वच्छ! सरांचं एका शब्दाचं उत्तर — "शाब्बास." दोन वर्षांत पहिल्यांदा. प्रबंध वाचला. या लोकांचे उपकार कसे फेडू? माझ्या अज्ञानाला कुणी नाक मुरडलं नाही, उलट त्यालाच प्रश्न विचारत बसले. इथे आले नसते तर घरी तेच तेच करत राहिले असते, का होतंय हे न कळताच.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

मामांना फोन केला. "मामा, सगळी तुमच्या घासणीची करामत!"

"ते होय ताई? मी दोनदा म्हटलं होतं की तुम्हाला, घासलेल्या नळीतच खडे धरतात म्हणून. तुम्ही म्हणालात, मामा, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

मला आठवतही नाही.

उद्या शुक्रवार. माझी चूक तयार आहे.