कुत्र्यासाठी ठेवलेली फळी

प्रिय कांताबेन,

आज सर्वपित्री अमावास्या. ज्यांची तिथी ठाऊक नसते त्यांना आज जेवू घालतात, म्हणून तुझंही पान वाढणार आहे. सासूबाई सकाळपासून कुरकुरतायत, "परक्या बाईचं पान आपल्या घरात? आसं कुटं आस्तं व्हय?" असतं, म्हटलं. चुलीवर खीर चढवली आणि लेकीच्या, शकूच्या वहीतले कागद फाडून लिहायला बसले. चार वाजता सुरतेची बस येईल. त्याआधी तुझ्याशी बोलून घेतलं नाही, तर बायकांसमोर माझं तोंड उघडायचं नाही.

तुला मराठी वाचता यायचं नाही, माहीत आहे गं! शेजारच्या खानदेशी बायकांकडून बोलायला शिकलीस तेवढंच. आमच्या अक्षरांवरची रेघ बघून हसायचीस. "हिराबेन, तुझ्या गावात घराला दार नाय, पण अक्षराला छप्पर हाय!"

पहिल्यांदा आलीस तेव्हा हे दार नसणं तुला काही केल्या पटेना. नाशिक, शिर्डी करून तुझी बस शिंगणापूरला आली होती. पुरुष माणसं आंघोळ करून ओल्या पंचाने शनिदेवाच्या चौथऱ्याकडे गेली. बायकांना वर जायची मुभा नाही, म्हणून तुम्ही सगळ्या आमच्या ओट्यावर टेकलात. बाकीच्या रस मागत होत्या आणि तू माझ्यावरच ओरडलीस, "बैल दमला तुझा. आधी त्याला पाणी दे." मला राग आला होता. आमच्या रसवंतीचा बैल, आमचा घाणा, ही कोण सांगणारी? पण पाणी दिलं.

मग तू चौकटीवरून हात फिरवलास. "दार कुठे गेला?" गावात कुणालाच दार नाही, राखायला देव बसलाय, असं मी सांगितलं. कोपऱ्यातल्या फळीकडे बोट दाखवून विचारलंस, ही कशाला? म्हटलं, कुत्रं शिरू नये म्हणून चौकटीत आडवी लावतो. "म्हणजे देव चोराला बघतो, कुत्र्याला नाय!" काय हसलो होतो आपण!

त्यानंतर दर अमावास्येला दोन तास. तुझे यजमान वारले होते, मूलबाळ नव्हतं. गल्लीतल्या लोकांना गोळा करून बस भरणं हाच तुझा संसार. येताना ठेपले आणायचीस. एकदा धागा चुकलेली साडी आणलीस आणि म्हणालीस, "चूक पदरात हाय, कोणाला दिसत नाय." तीच आज नेसले आहे. माझी सख्खी बहीणसुद्धा महिन्याला भेटत नाही गं. मी तुम्ही-तुम्ही करत होते तर रागावून मला ‘तू’ म्हणायला लावलंस.

आणि मग सुरतेला ती साथ आली.

रेडिओ दिवसभर तेच सांगायचा. इकडे बीडकडेही गाठीचा आजार म्हणत होते. सोनईच्या दुकानातल्या गोळ्या संपल्या, माणसं तोंडाला रुमाल बांधून हिंडू लागली. आमचे मालक उसात मेलेला उंदीर दिसतो का म्हणून सरीसरीने बघत फिरायचे. रस्ता ओस पडला. सुरतेची, नाशिकची, कुठलीच गाडी येईना. शिर्डीहून येणाऱ्या जीपसुद्धा थांबल्या. बैल रोजच्या वेळेला घाण्यापाशी जाऊन उभा राहायचा आणि मीही त्याच्या शेजारी.

अशात तू आलीस. असाच पितृपंधरवडा होता, सासऱ्यांचं पितर होतं. कावळ्याला पान ठेवून वळते तो तू समोर! तोंडाला पदर बांधलेला, हातात एक पिशवी. कोपरगावपर्यंत रेल्वेने, राहुरीपर्यंत एसटीने आलीस. सुरतेची बाई म्हणून जीपवाल्याने मध्येच उतरवलं, तिथून चालत. "गल्ली खाली झाली, हिराबेन. दोन दिवस राहू दे. मला दुसरं कोण हाय?"

शकू आत तापाने फणफणली होती. सासूबाई आतूनच म्हणाल्या, "लेकरू आजारी हाय. सुरतची बाई घरात घेतली म्हनून गावाला कळलं तर वाळीत टाकतील." त्यांनी तेवढंच म्हटलं. गेली दोन वर्षं मी सगळ्यांना, स्वतःलाही, सांगत आले की फळी सासूबाईंनी लावली. कांताबेन, फळी मी लावली. त्यांनी सांगितलंही नव्हतं. भर दुपारी मी कोपऱ्यातून ती उचलली आणि तुझ्या आणि माझ्या मध्ये आडवी टाकली. गुडघ्याएवढी तर फळी! तू सहज ओलांडली असतीस. का नाही ओलांडलीस?

तू फळीकडे बघितलंस, मग माझ्याकडे. "बराबर हाय. छोकरी आजारी हाय." मी वरून पान पुढे केलं, खीर, वडे, सगळं वाढलं होतं. तू हात जोडलेस. पान ओट्यावर ठेवलंस आणि विचारलंस, "बैलाला पाणी दिलं?" तू निघून गेलीस. तुझं पान मग कुत्र्यानेच खाल्लं.

शकूचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. साधा पावसाळी ताप होता तो!

दिवाळीनंतर गाड्या सुरू झाल्या. सुरतेच्याही आल्या, दुसऱ्यांच्या दारी थांबल्या. तुझी तेवढी आली नाही. प्रत्येक अमावास्येला मी ओटा पुसून ठेवायचे आणि ते दोन तास मला खायला उठायचे. समोर माणसांचा पूर, आणि मला बोलायला कोणी नाही. तुझा पत्ता कधी विचारून घेतला नव्हता. महिन्याला येणाऱ्या माणसाचा पत्ता कशाला लागतो, असं वाटायचं. तू रागावलीस अशी मी मनाची समजूत घालायचे. राग असता तर निदान तू असतीस तरी.

गेल्या अमावास्येला बस आली. मी धावत पुढे गेले, तर तुझ्या जागी तुझ्या गल्लीतली मंगूबेन उतरली. माघातच तू गेलीस म्हणाली, साखरेच्या आजाराने. वर्षभर अंथरुणावर होतीस. मग तिने सगळ्यांसमोर माझे हात धरले. "कांताबेन सांगून गेली, बस हिराच्याच ओट्यावर थांबवायची. साथीत सगळ्यांनी हाकललं, हिराने दोन दिवस घरात ठेवलं. खीर खाऊ घातली."

असं का सांगितलंस गं? शिव्या दिल्या असत्यास तर मी निमूट ऐकल्या असत्या. बायका माझ्याकडे देवीकडे बघावं तसं बघत होत्या आणि मी मान डोलावली! दुसऱ्यांदा फळी लावली मी त्या दिवशी.

ते दोन दिवस तू कुठे होतीस, कांताबेन? कोपरगावच्या फलाटावर? कुठल्या एसटी स्टँडवर? काय खाल्लंस? महिनाभर भाकरी थापताना, घाण्यावर ऊस लावताना हाच प्रश्न माझ्या डोक्यात आहे, आणि तो विचारायला आता कोणी नाही.

आज चार वाजता मी मंगूबेनला, सगळ्यांना खरं सांगणार आहे. त्या उठून शेजारच्या रसवंतीवर गेल्या तर जाऊ देत. ओटा पुन्हा रिकामा होईल, याची मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण तुझ्या नावाचं पान वाढायचं तर ते खऱ्या तोंडाने वाढायला हवं.

फळी सकाळीच कुऱ्हाडीने फोडली. तुझी खीर तिच्यावरच शिजतेय. सासूबाई म्हणाल्या, "आगं, रातच्याला कुत्रं शिरंल की!" शिरू दे. आजारी माणूस येऊ दे, कुठल्याही गावाचं येऊ दे. या चौकटीत मी पुन्हा काही आडवं टाकणार नाही. तुला शब्द देते.

आणि हो, बैलाला पाणी दिलंय.

चौकटीच्या आत उभी राहिलेली,
तुझी हिरा