बेचाळीस कुटुंबांचा डेटा टाइप

५ ऑक्टोबर १९९८
संकल्प. ऊसतोड मजुरांच्या मुलांचं आमचं वसतिगृह, त्याची यादी मी कॉम्प्युटरवर आणणार. ऊसतोडीला गेलेले आईबाप सध्या कुठल्या मुक्कामी आहेत, हे आमची मदतनीस जया वहीत लिहिते, खोडते, पुन्हा वर लिहिते. उद्या एखादं पोर आजारी पडलं तर आईला शोधणार कुठे? जया म्हणे, बाई, माझं मला वाचता येतं की. प्रश्न तो नाही.

९ ऑक्टोबर
डेटाबेसमध्ये पत्त्याला वीस अक्षरं. कुणाचा एक मुक्काम, कुणाचे पाच. उपाय: स्वतःचा डेटा टाइप बनवायचा. जितके मुक्काम, तितका लांब. कॉलेजचे कानिफनाथ सर म्हणाले, सी भाषा लागेल. कॉन्व्हेंटमध्ये मी लॅटिन प्रार्थना पाठ केल्यात. सी काय.

२१ ऑक्टोबर
सी अवघड नाही. पुस्तक वाईट लिहिलंय.

६ नोव्हेंबर
सरांशी वाद. प्रत्येक पत्त्याआधी त्याची लांबी ठेवायची, तिला चार बाइट, म्हणजे चार इंग्रजी अक्षरांची जागा. सर म्हणतात, लांबीत तेही चार बाइट धरा. दूध संघात तीस वर्षं मी वजनकाट्यावर काढली. दुधात कॅनचं वजन धरणाऱ्या दोघांना घरी बसवलंय. नाही धरले. सर हसले. हसोत.

१८ नोव्हेंबर
बेचाळीस कुटुंबं भरून झाली. प्रिंटवर प्रत्येक पत्त्याची शेवटची चार इंग्रजी अक्षरं गायब. प्रिंटरची रिबन संपली असणार. कॉलेजवाले कंजूस.
जयाची वही बंबात घातली.

७ डिसेंबर, सकाळी ७
आठ वर्षांच्या वृषालीला टायफॉईड. पाणीसुद्धा घेत नाही. डॉक्टर म्हणाले, आईला बोलवा. यादीत तिच्या आईच्या, आक्काबाईच्या नावापुढे श्रीगोंदा, पुढे नुसता स्वल्पविराम. जया म्हणे, बहुतेक लोणीला गेलीत ती. मी सांगितलं, डेटाबेसला 'बहुतेक' चालत नाही. श्रीगोंद्याची एसटी पकडते.

दुपारी ३
चार फड पालथे घातले. मुकादम म्हणे, आक्काबाई हितं न्हाई, महिना झाला लोणीला जाऊन. तुमच्या जयाबाईला ठावं हाय की.
लोणी. इंग्रजीत मोजून चार अक्षरं.
तरी रिबनही वाईटच होती.

८ डिसेंबर
वसतिगृहावर परत पोचले. जयाने कालच लोणीच्या कारखान्यावर फोन केला होता. आक्काबाई काल दुपारीच टेम्पोने आली. वृषाली तिच्या मांडीवर, वाटीभर पेज पिऊन झोपलेली. आक्काबाई म्हणे, बाई, आमच्यापायी एवढ्या लांब गेल्ता व्हय? तोंड बगा कसं सुकलंय. उरलेली पेज तिने माझ्यापुढे सरकवली.
प्यायले.