पिसं आधी उबेला आली

सोम. ५ जाने.
आलं: तीळ अर्धा किलो ११०, गूळ ७०, आणि जर्मनीहून सुमीचं पुस्तक. पिसांचे डायनासोर. चित्रं सगळी तिची, आमच्या लेकीची. आत चिठ्ठी नाही, पानं दोनदा झाडून बघितली. दसऱ्याआधी सातव्या महिन्यात तिचं पोटातलं बाळ गेलं, तेव्हापासून ती फोनवर येत नाही. पुस्तक देवापाशी ठेवलं.

मंगळ. ६
शेजारची आक्काताई चित्रं बघून, "ह्यो सरडा का कोंबडी गं? परदेशात जाऊन पोरगी सरड्याला पिसं चिकटवाय लागली व्हय?" हसले. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं.

गुरु. ८
जावयांचा फोन. "आई, नुसती बसून असते. चित्रं तेवढी काढते." पुस्तकात काय आहे ते विचारलं. दुसरं काय विचारू. म्हणाले, पिसं उडायला आलीच नव्हती. आधी पोकळ केसासारखी, मग झुपके, मग मधे दांडी नि दोन्हीकडं पाती. उडणं फार मागनं. आधी ऊब. एक जनावर तसंच सापडलंय, अंड्यांवर हात पसरून बसलेलं, दगड झालेलं. वाळू अंगावर आली तरी उठलं नाही. नर असावा म्हणे.
ह्यांना सांगितलं. ह्यांनी टीव्ही बंद केला.

शुक्र. ९
आमच्या बावड्याहून बसने देवळात. आंबाबाईची ओटी भरली. मागणं आठवेना. ते जनावर गाडलं गेलं तेव्हा आई तू होतीस का? होतीस तर... नको. पाप लागेल.

रवि. ११
चष्मा लावून नीट बघितलं. पिसान् पीस काढलंय पोरीनं. त्या बसलेल्या जनावराच्या पंखाखाली मात्र अंडी नाहीत. नुसती माती.
ते पान ह्यांना दाखवलं.

सोम. १२
आमची तांबडी कोंबडी खुडूक झाली, उबवायला बसली. अंडी काढून घेतली तरी रिकाम्या बुट्टीत बसून. आक्काताई, "तिचंच पीस घे, नाकातनं आरपार घाल. गार होतीया. फुकट बसून खाती की!" दाणा महाग आहे. घालू दिलं. दिवसभर मान झटकत अंगणभर फिरली. सांजेला परत त्याच बुट्टीत, पीस नाकात तसंच.
काढलं मी. रक्त आलं जरा. हळद लावली.

बुध. १४, संक्रांत
हळदीकुंकू. कुणीतरी म्हणालंच, "लेकीकडं काय गोड बातमी?" हे आतनं मोठ्यानं खोकले. मी विचारणारीच्या हातावर तीळगूळ ठेवला. बायका गेल्यावर दार लावून घेतलं.

गुरु. १५
जावयांना विचारलं, फोन देता का. "नको म्हणते, आई." पुस्तक तिनं टपालानं धाडलं, मग आपणही टपालानंच. आधी इथं कच्चं लिहिते.

सुमे, पुस्तक पोचलं. तांबडी रिकाम्या बुट्टीत बसली आहे. उठवा म्हणतात, मी उठवत नाही. तूही बस. किती दिवस, विचारणार नाही. जेवतेस का? त्या चित्रात अंडी काढायची राहिली, का काढवेनात? तुझे बाबा रोज ते पान उघडून बसतात. फोन नको. लिहायला जमत नसेल तर कागदावर एक पीस काढ. पहिलं, केसासारखं, तेवढी एक रेघ. पण उलट टपाली धाड.