अकरा घागरी

ता. निलंगा, जि. लातूर
३ मे २०१६

ती. केरबादादांस,
मारोतीचा सप्रेम जयभीम.

सकाळी दळण आणलं. दुपारी पडलो, पण झोप आली नाही. टँकर परवा येऊन गेला, आता उद्या येईल म्हणतात. लातूरला रेल्वेनं पाणी येतंय, ते तुम्ही नांदेडला पेपरात वाचलंच असेल. इथं पारावर एकच विषय, उदगीर जिल्हा झाला तर आपण कुठं जाणार. शेजारचा बसवंत म्हणतो, “जिल्हा कुठंबी जाऊ द्या, टँकर तेवढा हितंच यावा.”

तुमचं पाकीट मिळून बारा दिवस झाले. आतला तक्रारीचा अर्ज मी चारदा वाचला. सहीच्या जागी तुम्ही पेन्सिलनं फुली केली आहे. लातूरच्या डॉक्टरबाईंनी कंबरेच्या हाडाची तपासणी केली नाही, नुसत्या फोटोवर भागवलं, म्हणून माझी पत्नी पंचफुला हिच्या हाडाच्या मगजात पसरलेला आजार सात महिने कळला नाही, असं तुम्ही माझ्या नावानं लिहिलंय.

मी सही केलेली नाही. अर्ज सोबत परत पाठवतो आहे.

हैदराबादची गोष्ट मी तुम्हाला अर्धीच सांगितली होती. गळ्यातली गाठ काढून तपासली, लिम्फोमा निघाला, मग तो कुठवर गेलाय ते बघायला बाईंनी हैदराबादला मोठ्या फोटोसाठी, म्हणजे स्कॅनसाठी पाठवलं. शिरेतून साखरेसारखं औषध सोडतात. जिथं आजार, तिथं ते जास्त ओढलं जातं आणि फोटोत उजळ दिसतं. दमलेलं अंगही ते ओढतं. म्हणून आदल्या दिवशी ओझं उचलू नये, दगदग करू नये, असं कागदावर होतं. मी तो कागद पंचफुलाला वाचून दाखवला होता.

आदल्या दिवशी सकाळी टँकर आला आणि पाणी विहिरीत सोडलं. मी घागर उचलली. ती म्हणाली, “तुमी? बायांच्यात? सगळ्या हसतेल की वो. ठिवा ती खाली.”

मी ठेवली.

सत्तावीस वर्षं शाळेत कारकून होतो. डोक्यावर घागर घेऊन विहिरीवरून येणारा मारोती कारकून लोकांनी बघावा, हे मला नको होतं. तिनं अकरा घागरी शेंदून आणल्या. मी दारात उभा राहून मोजल्या. रांजण भरल्यावर ती खांदा चोळत म्हणाली, “झालं. आता हैदराबादला ऱ्हायलो दोन दिवस तरी भ्या न्हाई.”

तिथल्या माणसानं विचारलं, “कल कुछ वजन-विजन उठाए क्या अम्मा?” ती माझ्याकडं बघायला लागली. मीच म्हणालो, “नाही.”

फोटोनंतर नर्स तिला सारखं पाणी पाजत होती. ती हसून म्हणाली, “औंदा पहिल्यांदाच कुनीतरी पाणी पी, पाणी पी म्हणून मागं लागलंय.” ते हसू मला अजून दिसतं, दादा. गाडीतही ती तेच आठवून हसत होती.

फोटोत हाडं साफ दिसली. पण लातूरला बाईंनी विचारलं, “मारोतीराव, खांद्यांना आणि मांड्यांना औषध ओढलंय. काही उचललं होतं का?” मी पुन्हा नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, “तरीही कंबरेच्या हाडातून नमुना घेऊ. मगजात थोडं थोडं विखुरलेलं असलं तर असल्या आजारात ते फोटोत दिसेलच असं नाही. सुईनंच कळतं.”

बाहेर बाकावर पंचफुला म्हणाली, “फोटू साफ हाय म्हन्ले ना? मग हाडात सुई कशाला? मला लई भ्या वाटतंय.”

तिची भीती सुईची होती. मला भीती वाटली की हाडात काही निघालं तर ते फोटोत का दिसलं नाही असं बाई विचारतील, आणि त्या घागरी मला कबूल कराव्या लागतील. मी आत जाऊन लिहून दिलं की, समजावून सांगितलं आहे, तपासणी नको. खाली तिची सही घेतली. बाईंनी नंतर दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मीच उचलला आणि नको म्हणालो. मग गाठींपुरताच उपचार चालला.

डिसेंबरात रक्त उतरलं, सुई करावीच लागली, आणि मगजभर आजार निघाला. तुम्ही वॉर्डात बाईंवर ओरडलात, “मानसं मारायला बसलाव का हितं?” फाईल त्यांच्या हातात होती. माझा नकाराचा कागद त्यात होता. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि तुम्हाला म्हणाल्या, “बसा, दादा.”

ती गेल्यावर मी त्यांना विचारून आलो, आधी कळलं असतं तर ती वाचली असती का? म्हणाल्या, “सांगता येत नाही. औषध वेगळं दिलं असतं. आणि वेळ किती आहे, ते तुम्हाला कळलं असतं.”

गेल्या श्रावणात तिनं विचारलं होतं, “दादाकडं आठ दिवस जाऊन यू का?” मी म्हणालो, पाऊस पडू दे, मग जा. आता तू बरी आहेस, घाई काय आहे. तिनं पुन्हा विचारलं नाही. तुमचे ते आठ दिवस माझ्यामुळं गेले. माझेही बरेच गेले. ती जवळ बसलेली असायची आणि मी पेपर वाचायचो.

अर्ज द्यायचाच असेल तर बाईंच्या जागी माझं नाव घाला. त्यावर मी सही करीन. फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहिलं.

ऊन उतरलंय. वाळत घातलेली गोधडी काढायची आहे. एवढ्या मोठ्या गोधडीची घडी दोघांनी घालायची असते. मी दोन टोकं चौकटीच्या खिळ्यांना अडकवतो, मागं सरकून उरलेली दोन धरतो, आणि घालतो.

तुमच्या पंचफुलाचा,
मारोती