परत आणलेली बाटली

प्रिय टिल्लू,

माझे हात अजून जांभळेच आहेत. साबण लावून झाला, लिंबू चोळून झालं, पण नखांच्या कडेला रंग बसलाय तो बसलाच. मागच्या अंगणातलं एल्डरबेरीचं झाड यंदा बारीक जांभळ्या फळांनी असं लगडलं की फांद्या कुंपणावर टेकल्या. पक्ष्यांनी सगळं फस्त करायच्या आत मी शिडी लावून घोस उतरवले. शिडी धरायला कोणी नव्हतं. घाबरू नकोस, फार वर चढले नाही. शेंड्याचे घोस पक्ष्यांना सोडून दिले. तुझे बाबा असते तर खालून सूचनांचा नुसता भडिमार झाला असता. यंदा इतकं शांत होतं की मीच स्वतःला मोठ्याने सांगितलं, जपून गं बाई.

हल्ली मी बरंच मोठ्याने बोलते. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात दिवसभर वाफेच्या इस्त्रीचा फुसफुसाट, त्यात गिऱ्हाइकांची घाई; तिथे बोलायला फुरसत नसते. घरी आले की रेडिओ लावते आणि बातम्या सांगणाऱ्याला ‘हो का’ म्हणते. जेवायला मी आता बाबांच्या खुर्चीत बसते. म्हणजे समोर रिकामी दिसते ती माझी खुर्ची. तेवढं सोपं जातं.

झाडाला पहिल्यांदा फळं आली त्या वर्षी बाबांनी काय प्रताप केला होता तो तुला आठवतो का? तू शाळेत जायला लागला होतास नुकता. आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, कुणाचं ऐकेल तर शपथ. कुठेतरी ऐकलं होतं की एल्डरबेरी सर्दी-तापावर गुणाची, म्हणून झाडावरची मूठभर फळं देठांसकट तोंडात टाकली. दुपारी न्हाणीघराच्या फरशीवर आडवे! उलट्या थांबेनात, आणि तरी मला म्हणतात, सकाळचं दूध नासकं होतं. शेवटी नाक्यावरच्या औषधवाल्या बाईंना फोन केला. त्यांनी आधी बाबांना दवाखान्यात धाडलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात उभं करून झापलं. कच्ची फळं, बिया, देठ, पानं, साल, या सगळ्यात असं काहीतरी असतं की पोटात गेल्यावर त्याचं विष होतं. पिकलेली फळं देठ काढून चांगली उकळायची, गाळायची, मगच घ्यायची. आणि घेतलं तरी फार आशा धरायची नाही, असंही त्या म्हणाल्या. काही थोड्या लोकांवर तपासून पाहिलंय, त्यात सर्दी-ताप जरा लवकर उतरला असं दिसलं, पण छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही.

त्यानंतर बाबा असे बदलले की काढा करताना मला स्वयंपाकघरात फिरकू देत नसत. एकेक देठ वेचायचे. खळाखळा उकळायचे, फडक्यातून गाळायचे, निवल्यावर मध घालायचे आणि बाटल्या भरून गल्लीभर वाटायचे. प्रत्येक दारात तेच भाषण: हे जादूचं पाणी नाही, चार दिवस चमचा-चमचा घ्या, ताप चढला किंवा धाप लागली तर मुकाट्याने डॉक्टर गाठा. लोक हसायचे. पण हिवाळा तोंडावर आला की रिकाम्या बाटल्या धुऊन आपणहून आणून द्यायचे.

यंदाही लोकांनी बाटल्या आणून दिल्या, टिल्लू. दाराशी ठेवून गेले, कोणी घंटी वाजवली नाही. माझ्याशी काय बोलावं ते त्यांना कळत नाही. म्हणून मी काढा करायचं ठरवलं. म्हटलं, बाटली द्यायच्या निमित्ताने का होईना, कुणाच्या तरी दारात उभी राहीन.

आणि राहिले. शिंपीदादांनी आत बोलावून बसवलं, पण बाबांचा विषय निघेल म्हणून सारखं हवेबद्दलच बोलत राहिले. कोपऱ्यावरच्या घरात बाळ झालंय. त्या मुलीला मी बजावून सांगितलं की यात मध आहे, वर्षाच्या आतल्या बाळाच्या जिभेलाही लावायचा नाही. शिवाय ती अंगावर पाजते, तेव्हा तिनेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा घ्यायचा नाही. बाबांचं भाषण माझ्या तोंडून येत होतं आणि मला ते पाठ आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

शेवटच्या घरात एक व्हायोलिन शिकवणारी बाई राहायला आलीय. तुझ्याहून थोडी मोठी असेल. तिला एक लहान मुलगी आहे, जी दिवसभर एकच पायमोजा घालून हिंडते. मी दारात गेले तेव्हा ही बाई दुसरा पायमोजा शोधत होती, क्लासला उशीर होत होता, लेकीवर ओरडत होती. मी बाटली पुढे केली. तिने लेबल वाचलं आणि दोन्ही हातांनी बाटली मला परत दिली. चेहरा इतका ओशाळला की मलाच वाईट वाटलं. तिला हे चालत नाही म्हणाली. गेल्या हिवाळ्यात तिला नवी किडनी बसवलीय. शरीराने ती परकी म्हणून झिडकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या आहेत, जन्मभराच्या. एल्डरबेरी नेमकी ती शक्ती चाळवू शकते, म्हणून डॉक्टरांनी नाव घेऊन मना केलंय.

मी उंबऱ्यातच उभी राहिले. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, कुणी दिली? तर ती म्हणाली, “माहीत नाही हो काकू. ते सांगत नाहीत. कुणाच्या तरी घरी त्या दिवशी काय झालं असेल, एवढंच मनात येतं.”

गेल्या हिवाळ्यात. बाबा गेले तोच हिवाळा, तुला सांगायला नको. ती बाबांचीच असेल असं मी म्हणत नाही. तसं समजायला काही आधार नाही, तेवढी अक्कल मला आहे. त्यांच्या किडन्या कुठल्या कुठे गेल्या असतील. मी तिला काही सांगितलंही नाही. फक्त म्हटलं, “पाणी भरपूर पीत जा हो.” मग पायमोजा सापडला, ती धावत सुटली, आणि मी बाटली घेऊन घरी आले. आल्यावर खूप रडले. बाबा गेल्यापासून इतकी रडले नव्हते. पण ते रडणं वेगळं होतं. कुणीतरी उशीर झाला म्हणून पळतंय, पोरीवर ओरडतंय. असं साधं, धडधाकट काहीतरी कुठल्यातरी घरात बाबांमुळे चाललं असेल, हे पहिल्यांदाच डोळ्यांपुढे आलं.

हॉस्पिटलच्या त्या लांबलचक बोळात तू मला काय विचारलंस ते मी विसरलेले नाही. बाबांच्या डोक्यातली शीर फुटलेली, मेंदू गेलेला, श्वास तेवढा यंत्राचा. डॉक्टरीणबाई हळू आवाजात अवयवांबद्दल विचारत होत्या, आणि तू म्हणालास, “बाबा कधी बोलले होते का असं? मग तू कोण ठरवणार?” मी हो म्हटलं. तू पाठ फिरवून जिना उतरलास. आठवड्याने तुझ्या गावी गेलास, आणि तेव्हापासून तुझे निरोप दोन शब्दांचे. बरी आहेस? पैसे हवेत? मीही दोन शब्दांत उत्तर देते. मला माझ्या ‘हो’चा पस्तावा नाही, बाळा, आणि तुझ्या रागाचाही राग नाही. तुझा प्रश्न खरा होता. बाबा खरंच कधी काही बोलले नव्हते. चोवीस तास बडबडणारा माणूस, पण हे सोडून सगळं बोलला. तेव्हा त्यांच्या वतीने मला अंदाज करावा लागला, तोही डॉक्टरीणबाई समोर उभ्या असताना. त्या वेळी मी किती एकटी होते हे मला कुणालाच सांगता आलेलं नाही.

म्हणून हे पत्र. मी ठणठणीत आहे, डॉक्टरांनी काही सांगितलंय वगैरे मनात आणू नकोस. पण कधीतरी असाच कुठलातरी बोळ तुझ्या वाट्याला येईल, आणि कुणीतरी हळू आवाजात माझ्याबद्दल विचारेल. तेव्हा तू अंदाज करत बसू नयेस. माझं जे काही कुणाच्या उपयोगी पडेल ते सगळं द्यायचं. हे मी आज शुद्धीत, स्वयंपाकघरात बसून, आपखुशीने सांगतेय. तुला काही ठरवायचं नाही, ठरवून झालंय. तू फक्त ‘आईने सांगितलं होतं’ एवढं म्हण. आणि त्याच्या खूप आधी, जमलं तर या महिन्यातच, एकदा घरी ये. नाहीच बोलावंसं वाटलं तर बोलू नकोस. माझ्या खुर्चीत बस, म्हणजे झालं.

तुझीच,
आई