सातवा रकाना

माय,

टेबलावर बावीस अर्ज पडलेत आणि उद्या दहा वाजता पोरांच्या आयाबापांची सभा आहे. लेहच्या पलीकडे सात दिवस पायी चालायचं, वाटेत दोन खिंडी. तीच वाट, जिच्यावरून मला उचलून खाली आणलं होतं. या खेपेला प्रमुख मी आहे. मुक्काम ठरलेत, कुठे पाणी मिळतं नि कुठे वाहून न्यायचं ते लिहून झालंय, लेहला पोचल्यावर आधी तीन दिवस नुसतं बसून राहायचं हेही. पण एका अर्जाच्या सातव्या रकान्याशी तासभर अडून बसलोय. 'श्वासाचा आजार आहे का?' पोरीच्या अक्षरात 'नाही', आणि खाली आईचा निळा अंगठा. हीच पोरगी सरावाच्या चढावर छाती धरून खाली बसली होती.

तुला आमचा अर्ज आठवत असेल. मी हिंगोलीला कॉलेजात होतो, विशीतला. बाबा गेल्यापासून पालक म्हणून अंगठा तुझाच. तू चुलीपुढे धपाटे थापत होतीस आणि मी नकाशा पसरून शहाणपण शिकवत होतो. "झाड न्हाई, पाऊस न्हाई, मंग काहून जाऊन राहिला रे तिथं?" तू हसलीस. अंगठ्याला शाई लावली आणि थांबलीस. लहानपणी दरसाल हळद पॉलिश व्हायला लागली की त्या धुळीनं माझा श्वास अडायचा, आणि तू मला पाठीवर घेऊन बाळापूरच्या डॉक्टरकडे पळायचीस. "ह्यात दम्याचं इचारलं आसंल की रे."

"तसला रकानाच न्हाई," मी म्हणालो. सातव्या रकान्यात मी आधीच 'नाही' लिहून ठेवलं होतं. तू विश्वासानं अंगठा उठवलास. मग धपाट्यांच्या फडक्यात माझा दम्याचा पंप बांधून दिलास.

आणि त्या मोहिमेत, दुसऱ्या खिंडीखाली मी दगडाला टेकून बसलोय. पंप कितीदा ओढला, तरी हवा आत जात नाही. चौघांनी उचलून मला खाली आणलं, सगळ्यांची मोहीम तिथंच संपली. लेहच्या दवाखान्यात आमचे प्रमुख विचारतात, "हे लपवलं कोणी?" आणि मी सांगतो, "आईनं. लिहू दिलं नाही."

ते आपल्या गावापर्यंत आले, माय. अंगणात, शेजाऱ्यांच्या देखत, तुला वाट्टेल तसं बोलले. चार पोरं मेली असती, म्हणाले. मी दारात उभा. तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस, पदर सारखा केलास. "व्हय सायेब. माझंच चुकलं. लेकराचं मन मोडू वाटंना." एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. छाती त्या दिवशी ठणठणीत होती माझी. लाज वाटते, अजून वाटते. ते गेल्यावर तू मला भाकरी वाढलीस आणि एवढंच विचारलंस, "आता दम लागतो का रे?" पुढे बायका तुला ऐकू जाईल असं बोलायच्या. त्या बोलण्याबद्दल तू घरात कधी अवाक्षर काढलं नाहीस. अशी दोन वर्षं काढलीस आणि गेलीस.

उद्या त्या पोरीला बाजूला घेऊन विचारणार आहे. तिच्या आईला नाही. सातव्या रकान्यात तिनं खरं लिहिलं तर डॉक्टर ठरवतील, नाही लिहिलं तर मी तिला नेणार नाही, एवढं पक्कं केलंय. तुझ्याबद्दल उद्या सगळ्यांसमोर काय बोलेन, ते मात्र अजून पक्कं होत नाही. कारण मी सभेत फार छान बोलतो, माय. दरवर्षी एक गोष्ट सांगतो आणि लोक गप्प होतात. मागच्या सभेत त्या पोरीची आई पुढेच बसली होती. ऐकता ऐकता तिनं डोळे पुसले. मी सांगत होतो की माझ्या आईनं मायेपोटी माझा दमा लपवला होता.